एपीआयचे (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीचे) डॉक्स नक्की कोणासाठी लिहायचे?

सातपूरकर:
स्वॅगर या टूलमधून आपोआप निघालेलं पान टाकलं की डॉक्युमेंटेशन झालं, हा समज आधी सोडा. इथे लासलगाव, पिंपळगावच्या कांदा व्यापाऱ्यांना बिलिंग सॉफ्टवेअर करून देणाऱ्या छोट्या टीम्स आहेत, कोणी जुना पीएचपीवाला, कोणी नुकताच डिप्लोमा झालेला पोरगा, आणि त्यांना पेमेंट एपीआय जोडायचं असतं. पानावर काय तर ‘अमाउंट, इंटिजर’. बास! काही एपीआयमध्ये रक्कम रुपयांऐवजी पैशांत द्यावी लागते, म्हणजे ५०० रुपयांसाठी ५००००, हे तिथेच नको का लिहायला?

बॅकएंडवाला_अंबड:
भाऊ, असहमत. पैशांचा मुद्दा खरा, पण स्वॅगर ज्या ओपनएपीआय फाइलवरून पान काढतं तिच्यातच डिस्क्रिप्शन आणि एक्झाम्पल भरलं की सुटला, वेगळं गाइड कशाला? पाच प्रोग्रामिंग भाषांत उदाहरणं ठेवली की एंडपॉइंट (जिथे रिक्वेस्ट पाठवायची तो पत्ता) बदलल्यावर पाच जागी दुरुस्ती, ती कोणी करत नाही आणि मग लोक जुनाच कोड कॉपी करून लाइव्ह टाकतात.

सातपूरकर:
मग उदाहरणं टेस्टसारखी सीआयमध्ये, म्हणजे कोड बदलला की आपोआप होणाऱ्या तपासणीत, चालवा ना, फेल झालं की रिलीज अडवा. आणि एरर कोडचं काय? ४०१ म्हणजे ओळखच पटली नाही, ४०३ म्हणजे परवानगी नाही, हे लिहिलेलं नसलं की नवीन पोरगा ४०३ बघून ओळख पटवणारं टोकनच बदलत बसतो. ४२९, म्हणजे फार रिक्वेस्ट झाल्या, असं आलं तर उत्तरातल्या रिट्राय-आफ्टर हेडरमध्ये दिला असेल तेवढा वेळ थांबायचं, हेही कुठे नसतं, मग तो लूपमध्ये रिक्वेस्ट मारत राहतो.

इंदिरानगर_क्यूए:
मी स्क्रीन रीडरवर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून ऐकवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, काम करते, तुमच्या दोघांच्याही यादीत मी नाहीये. कोडचा स्क्रीनशॉट टाकलेला असतो, तो मला वाचताच येत नाही. कम्पल्सरी फील्ड नुसतं लाल रंगात. पायथन-जावाचे टॅब कीबोर्डने उघडत नाहीत. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये एच दाबत मी हेडिंगवरून हेडिंगवर जाते, पण तिथे हेडिंग नसून नुसती ठळक अक्षरं असली की अख्खं पान वरपासून ऐकावं लागतं.

बॅकएंडवाला_अंबड:
ताई, शंभर टक्के बरोबर. आणि म्हणूनच म्हणतोय, पानं एकाच टेम्प्लेटमधून निघत असतील तर हे सगळं एकदाच दुरुस्त होतं. हाताने लिहिलेल्या वीस गाइडमध्ये कोण शोधत बसणार?

सातपूरकर:
वीस नकोत, एक द्या. एपीआयची की (किल्ली) कुठून घ्यायची, टेस्ट मोड कसा लावायचा, टर्मिनलवरून रिक्वेस्ट पाठवणारी एक कर्ल कमांड आणि तिचा खरा रिस्पॉन्स, सगळं साध्या टेक्स्टमध्ये. पहिला कॉल यशस्वी होईपर्यंतचं हे पान माणसानेच लिहायला हवं, यावर मी मागे हटणार नाही.