माणसं कमी म्हणून गाडी बंद, की गाडी बंद म्हणून माणसं कमी?

कातळसडा:
राजापूर तालुक्यातलं आमचं गाव. आमच्या वाडीत पावसाळ्यात मोजून एकतीस माणसं. एसटीची मुक्कामाची गाडी रात्री आठला यायची, सकाळी सव्वासहाला सुटायची. दोन वर्षांपूर्वी ‘भारमान नाही’, म्हणजे पुरेसे प्रवासी नाहीत, म्हणून बंद झाली. आता हायवेचा फाटा नऊ किलोमीटर, मध्ये चढण. शेजारची अकरावीतली मुलगी जूनभर चालत गेली, जुलैत तालुक्याला मावशीकडे राहायला गेली. दिवाळीनंतर आईवडीलही तिच्यामागे गेले. अंगणात यंदा शेण सारवलेलं नाही, तुळशीभोवती गवत गुडघाभर. एका फेरीपायी घर बंद झालेलं मी पाहिलंय. डोकी मोजून गाडी ठरवणं चूक आहे, असं माझं ठाम मत आहे.

परळचा चाकरमानी:
ताई, दुःख समजतं, पण कारण उलटं लावताय. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली. एवढी मोठी सोय आली, तरी रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ला १६,९६,७७७ होती ती २०११ ला १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्गही घटला. माणूस पोटासाठी जातो. माझे वडील गेले तेव्हा गावात दिवसाला तीन गाड्या होत्या.

कातळसडा:
आकडे बरोबर आहेत. पण रेल्वे मुंबईला नेते, कॉलेजला नेऊन संध्याकाळी घरी आणत नाही. जाणाऱ्याची सोय रेल्वेनं झाली, राहणाऱ्याची या गाडीनं व्हायची. आणि शिरगणती फेब्रुवारीत झाली. गणपतीला, शिमग्याला याच वाडीत दीडशे पानं उठतात, ती त्यात कुठे?

निवृत्त वाहक:
गणपतीला जादा गाड्या सुटतातच. प्रश्न उरलेल्या दिवसांचा. मी अशाच फेरीवर तिकिटं फाडली आहेत. ४४ सीटच्या गाडीत कधी चार माणसं, कधी नुसत्या आंब्याच्या पेट्या. तेवढंच डिझेल हायवेच्या फेरीवर घातलं तर गाडी भरून येते. मुंबईहून आलेली औषधं मी घरपोच दिली आहेत, तरी सांगतो, रिकामी गाडी चालवणं परवडत नाही. फाट्यापर्यंत वडाप, म्हणजे सीटवर चालणारी खासगी गाडी, लावा.

भातशेती:
वडाप सहा सीट भरल्याशिवाय हलत नाही. शिवाय सवलती कुठे चालतात ते बघा. ७५ वर्षांवरच्यांना २०२२ पासून मोफत, महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट, शाळेच्या मुलींना बारावीपर्यंत पास. हे सगळं लाल गाडीतच. माझी आजी ७९ वर्षांची. बीपीच्या गोळ्यांना तालुक्याला जायचं तर रिक्षाला जाऊन-येऊन सहाशे रुपये. म्हणून ती गोळी दिवसाआड घेते. वाडीत उरलेत कोण? म्हातारी माणसं, बायका, शाळेतली मुलं. ज्यांना स्वतःची मोटारसायकल नाही तेच.

परळचा चाकरमानी:
आजीचं वाचून बोलायला जागा राहिली नाही. रोजगाराशिवाय तरुण थांबणार नाहीत हे माझं मत कायम आहे. पण जे आहेत त्यांना गाडी हवी, हे मान्य.

निवृत्त वाहक:
मग अर्ज नीट करा. ‘गाडी सुरू करा’ एवढं लिहून भागत नाही. वाडीवार यादी जोडा: पास काढणाऱ्या मुली किती, ज्येष्ठ किती, बाजाराचा वार कोणता. रोज नको, शाळा चालू असताना सकाळ-संध्याकाळची एकच फेरी मागा. मुक्काम मागायचा तर चालक-वाहकाच्या झोपण्याची, पाण्याची सोय ग्रामपंचायत करील असं त्यातच लिहा. आम्ही देवळाच्या ओसरीवर झोपायचो, पावसात पागोळ्या थेट अंथरुणावर यायच्या. पहाटे त्याच ओल्या कपड्यांत घाट चढवायचा.

कातळसडा:
काका, हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. शाळेची एक खोली पट कमी झाल्यानं रिकामी आहे, वर पत्रे नवे आहेत. सरपंचांशी आजच बोलते. यादी रविवारी वरच्या वाडीपासून सुरू करते.