‘स्थलांतर करा’ म्हणजे नेमकं काय करा?

नवापूरहून

मंडळी, एका शब्दापाशी अडले आहे. दिवाळी झाली की आमच्या भागातले ऊसतोडीचे कोयते गुजरातेत उतरतात, बारडोली-मढी-व्यारा पट्ट्यात. नवराबायको मिळून एक कोयता, सोबत लहान पोरं. व्याऱ्याकडची बरीच शेतं काकरापार अणुवीज केंद्रापासून १६ किलोमीटरच्या आत येतात, आणि आपत्कालीन नियोजनाचा पट्टा तेवढाच धरलेला असतो. खुद्द नवापूर त्याच्या पुष्कळ बाहेर आहे, पण आमची माणसं हंगामभर त्या पट्ट्यात राहतात. मुकादमानं पालावर वाचून दाखवावं असं एक पान मी त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सांगायचं फार नाही. केंद्रातला बिघाड आवाराबाहेर पोचण्याची वेळ आली, तर बाहेरची सूत्रं जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात. लोकांनी करायची मुख्य कामं तीन. आत थांबायचं, सांगितलं तर आयोडीनची गोळी घ्यायची, सांगितलं तर गाव सोडायचं. गाव सोडण्याला सरकारी मराठीत ‘स्थलांतर’ म्हणतात. आणि आमच्याकडे स्थलांतर म्हणजे ऊसतोडीला जाणं! शाळेच्या हजेरीतसुद्धा ‘स्थलांतरित’ असाच शेरा पडतो. पालावरच्या बाईला ‘स्थलांतर करा’ म्हटलं तर ती म्हणेल, बाई, स्थलांतर करूनच तर इथे आलो. दुसरा शब्द सुचवा.

धुळ्याहून

‘विस्थापन’ मात्र चुकूनही नको. उकाई धरणाच्या पाण्याखाली तुमच्याच तालुक्यातली गावं गेली. ‘विस्थापित’ म्हणजे जो परत आला नाही तो, हे तिथल्या पोराटोरांनाही माहीत आहे. तो शब्द ऐकला तर माणूस उठायचाच नाही, उलट घराला घट्ट धरून बसेल.

‘तात्पुरते’ हा शब्दही जपून वापरा. चेर्नोबिलला २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे स्फोट झाला. शेजारचं प्रिप्यात शहर दुसऱ्या दिवशी दुपारी बसगाड्यांनी रिकामं केलं, तेव्हा लोकांना साधारण तीन दिवसांचंच सांगितलं होतं. लोक तेवढंच सामान घेऊन निघाले आणि ते शहर आजही ओस आहे. म्हणून मुदत लिहू नये. ‘पुढची सूचना येईपर्यंत’ एवढंच लिहावं, ते तरी खरं असतं.

माझ्या मते साधं क्रियापदच ठेवा: ‘गाडी येईल, गाडीत बसा’. नाम शोधत बसलो की हुकूम हरवतो.

भुसावळहून

ताई, मी भोंग्याबद्दल लिहितो. आमच्या गावात रेल्वे, आयुध निर्माणी आणि दीपनगरचं औष्णिक केंद्र. घड्याळ नसलेलं घर होतं, पण भोंगा न ऐकणारं घर नव्हतं. माझी आजी भोंग्यावर कणीक मळायला घ्यायची. वडील पायरी चढेपर्यंत तव्यावर पहिली भाकर पडलेली असायची. इथल्या कानाला लांब, सलग भोंगा म्हणजे पाळी सुटली, माणूस घरी येतोय.

नागरी संरक्षणाच्या पद्धतीत खालीवर होणारा आवाज म्हणजे धोका, आणि सलग एकसुरी आवाज म्हणजे धोका टळला. ‘सायरन वाजल्यास’ एवढंच छापलं तर यातलं काहीच कळत नाही. आवाज कसा, ते लिहा. मी ‘रडका भोंगा’ आणि ‘सरळ भोंगा’ म्हणेन. पण आधी त्या केंद्राचे आवाज नेमके कसे आहेत ते विचारून घ्या, मगच छापा. शिवाय हल्ली ‘भोंगा’ म्हटलं की लोकांना लाऊडस्पीकर आठवतो, म्हणून एकदा तरी ‘गिरणीसारखा भोंगा’ असं लिहावं लागेल.

आणि आपत्कालीन सरावाला ‘रंगीत तालीम’ म्हणू नका. वर्तमानपत्रं लिहितात, पण तालीम नाटकाची. ‘सराव’ पुरे.

धुळ्याहून

‘चेतावणी’बद्दल राहिलं. गुजरातीत ‘चेतवणी’, हिंदीत ‘चेतावनी’, दोन्हीचा अर्थ सावध करणं. भाषांतराच्या घाईत तो शब्द मराठीत जसाच्या तसा उतरतो. पण मराठीत चूल चेतवतात, शेकोटी चेतवतात, भांडण चेतवतात. आमच्या आईच्या कानाला ‘चेतावणी दिली’ म्हणजे कुणीतरी कुणाला पेटवलं. आपला शब्द ‘इशारा’. मूळ अर्थ खूण, पण मराठीत तो धोक्याच्या बाजूला पक्का झाला आहे.

आणखी एक. ११ मार्च २०१६ ला काकरापारच्या पहिल्या अणुभट्टीत शीतक नळीतून जड पाणी (भट्टी थंड ठेवणारं) गळलं, आणि ‘प्लांट इमर्जन्सी’ जाहीर झाली. केंद्रापुरती, आवारापुरती आणि आवाराबाहेरची अशा तीन पायऱ्यांतली ही सर्वांत खालची. पण मराठीत ‘आणीबाणी जाहीर’ म्हटलं की १९७५ आठवतं, आणि सगळंच हाताबाहेर गेल्यासारखं वाटतं. पायरी कळायला हवी. ‘केंद्रापुरता इशारा’ आणि ‘गावांसाठी इशारा’ असं म्हणता येईल.

शिरपूरहून

भाऊ, तुमचा ‘इशारा’च मला खटकतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठच्या आम्हा गावांना ‘सतर्कतेचा इशारा’ येतो. पूर्वी कोतवाल दवंडी द्यायचा, आता मोबाइलवर येतो. त्याचा अर्थ पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे: बिछाना उचला, ढोरं सोडा, वर चढा. माझी माय ओट्यावरून हाक मारायची, ‘पानी उनं, वर चाला!’

अणुकेंद्राचा इशारा याच्या नेमका उलट. तिथे पहिलं काम बाहेर पडण्याचं नसून आत शिरण्याचं आहे. हवेतून जे येतं ते अंगावर आणि श्वासात जाऊ नये म्हणून. पुराची सवय असलेला माणूस ‘सावधान, सतर्क राहा’ ऐकून आधी रस्त्यावर येईल आणि कुठे काय झालं ते बघायला उभा राहील. म्हणून नुसता ‘इशारा’ शब्द आमच्या काठावर पुरणार नाही, त्याच्याच वाक्यात काम सांगायला हवं. अहिराणीत मी म्हणेन, ‘भोंगा वाजना, घरमा चाला.’

‘निवारा घ्या’, ‘आश्रय घ्या’ हेही नको. निवारा म्हणजे पावसापासूनचं छप्पर, झाडाखालीही निवाराच.

नवापूरहून

सगळ्यांचे मनापासून आभार. ‘स्थलांतर’ काढलं. आमच्या स्टेशनावर महाराष्ट्र-गुजरातची हद्द फलाटावरूनच जाते, घोषणा चार भाषांत होतात. गुजराती ‘चेतवणी’ही लोकांच्या कानावर पडणार आहे, म्हणून ‘चेतवणी म्हणजे इशारा’ अशी एक ओळ ठेवते.

गोळीचं वाक्य असं केलं: ‘ही गोळी गळ्यातल्या थायरॉइडच्या गाठीला वाचवते, बाकी शरीराला नाही. सांगितल्यावरच घ्या.’ आधी ‘अवटू ग्रंथी’ लिहिलं होतं, ते मलाच दोनदा वाचावं लागलं. ‘किरणोत्सर्गावरची गोळी’ म्हणणं खोटं ठरलं असतं. गोळी खाऊन माणूस निर्धास्तपणे बाहेर हिंडला असता. आणि जखमेवर लावायचं आयोडीन पिऊ नका, हेही ठळक लिहिलं.

काल मसुदा दोन मुकादमांना वाचून दाखवला. ‘भोंगा वाजला की घरात जा, दारंखिडक्या लावा, पंखा बंद करा’ इथपर्यंत आले, तर त्यातला एक शांतपणे म्हणाला, ‘बाई, पालाला दार कुठे असतं?’ खरं आहे. बांबू, वर ताडपत्री, पुढून उघडं. आपण इतके दिवस ‘घरात’ या शब्दावर निर्धास्त होतो, आणि ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना घरच नाही. ताडपत्रीखाली थांबून उपयोग नाही, भिंती पक्क्या हव्यात.

तो शब्द खोडून ‘गावातल्या पक्क्या इमारतीत जा’ असं केलं. पण कुठल्या? शाळेत, ग्रामपंचायतीत, दूध डेअरीत? रात्री कुलूप कोण उघडणार? त्या गावांच्या तलाठ्यांना विचारायला परवा व्याऱ्याला निघाले आहे. तोवर मसुद्यात त्या जागी रेघ ओढून ठेवली आहे.