सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर बदलले, मग काय झालं? अनुभव सांगा

सोलापूरकरहो, रूट कॅनल आणि कॅप बाहेर करायची म्हणलं की हजारांत जातंय, म्हणून आपल्यातले बरेच जण सिव्हिल, ईएसआय, रेल्वे नाहीतर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातच दात दाखवतात. पण तिथं डॉक्टर कायम राहत नाहीत, बदली होते, कंत्राट संपतं, आणि आपली दाढ अर्धवट उघडलेली असते. नवीन डॉक्टरांकडं गेल्यावर काय झालं ते लिहा, चांगलं वाईट दोन्ही.

माझंच आधी सांगते. उजवीकडच्या खालच्या दाढेची नस काढून तात्पुरतं सिमेंट भरलेलं, तारखेला गेले तर खुर्चीवर वेगळेच डॉक्टर. त्यांनी केसपेपर बघितला, त्यावर नुसतं ४६ लिहून पुढं औषधाचं नाव होतं. मला ते काय कळणार, पण त्यांना लगेच कळलं, ४६ म्हणजे तीच दाढ, जगात बऱ्याच देशांत दातवाल्यांना समजतं म्हणाले. एक्स-रे मी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवला होता, तरी त्यांनी नवीन काढला कारण सिमेंट झिजून फट पडली होती. पहिल्यापासून काही करावं लागलं नाही, आतून परत धुतलं आणि पुढच्या वेळी भरलं. वाया गेली म्हणून धरलेली दाढ वाचली, फार बरं वाटलं.

विडी घरकुल: आमच्या सासूबाई विड्या वळतात, तेलुगूच बोलतात, मिश्री लावायची सवय जुनी. दाढ काढायला नेलं तर नवीन मॅडमनी आधी शुगर तपासायला लावली, जास्त आली म्हणून त्या दिवशी काढलीच नाही. सासूबाई लई चिडल्या, एक दिवसाची मजुरी गेली ना ओ. मग तिथल्या सिस्टरनी तेलुगूत समजावलं की शुगर वाढलेली असली की जखम लवकर भरत नाही, पू होतो. मॅडमनी गाल ओढून आरशानं सगळं तोंड बघितलं, जिथं मिश्री दाबून ठेवतात तिथं पांढरा चट्टा होता. आधीच्या डॉक्टरांनी दुखणारी दाढ सोडून काही बघितलंच नव्हतं. तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट येईस्तोवर घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. कॅन्सर नाही निघाला, पण दाखवत राहा म्हणाल्यात. मिश्री कमी झालीय, बंद नाही अजून.

चादर कारखाना, एमआयडीसी: ईएसआयला माझं काम सरळ झालं. कार्ड दाखवलं, नवीन डॉक्टरांनी जुनी फिलिंग बघितली, चांगली आहे म्हणून हात लावला नाही.

बार्शीकडचा एक: आमचं उलट झालं, दवाखान्याचं नाव लिहीत नाही. नवीन आलेले म्हणाले दुसऱ्यानं उघडलेल्या दाढेची जबाबदारी मी घेणार नाही, जुना पेपर त्यांच्याच कपाटात, तो काय सापडेना. तेवढ्यात भावाच्या दाढेत पू होऊन गाल सुजला, शेवटी काढूनच टाकावी लागली. पंचविशीतल्या पोराची चांगली दाढ गेली, याचा राग अजून आहे.

जुळे सोलापूर: वाचून वाईट वाटलं राव. म्हणून आम्ही खुर्चीवरून उठायच्या आधीच केसपेपरचा आणि एक्स-रेचा फोटो मोबाईलमध्ये काढूलालाव. एक्स-रे उजेडासमोर धरायचा, म्हणजे मुळं स्पष्ट येतात. आणि आज काय केलं, काय राहिलं, हे डॉक्टरांनाच पेपरवर लिहायला सांगायचं, लिहितात ते.

रिटायर, रेल्वे लाईन्स: वडिलांना हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. जुन्या डॉक्टरांना तोंडपाठ होतं, नवीन माणसाला कोण सांगणार, म्हणून मी गोळ्यांची पाकिटंच घेऊन गेलो. त्यांनी आधी हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणायला सांगितली आणि गोळी आपल्या मनानं बंद करू नका असं दोनदा बजावलं. दाढ काढल्यावर कापूस दाबून बराच वेळ बसवून ठेवलं, रक्त थांबल्याचं स्वतः बघून मगच सोडलं. असा माणूस बदलून जाऊ नये असं वाटतं.

विडी घरकुल: जुळे सोलापूर, फोटोचं बरं सांगितलात, सासूबाईंच्या रिपोर्टचा आजच काढते. आणि धागा काढलेल्या ताई, तुमच्या दाढेवर कॅप सरकारीतच बसली का बाहेरून बसवली? आमच्या जाऊबाईंची राहिलीय.

धागाकर्ती: बाहेरून ओ. रूट कॅनल केलेली दाढ ठिसूळ होते, कॅपशिवाय चावू नका म्हणाले, पण तिथं सोय नव्हती. जिल्ह्यात कुठल्या सरकारी दवाखान्यात कॅप बसवली असेल तर प्लीज लिहा, बऱ्याच जणांचं तिथंच अडतंय.