मागचा कॅमेरा बदलावा की वायरिंग तपासावे?

घाटवाट : माझ्या हॅचबॅक गाडीतील कंपनीने बसवलेला मागचा कॅमेरा पावसाळ्यापासून त्रास देत आहे. आधी चित्र धुरकट दिसायचे. आता रिव्हर्स गिअर टाकला की पडदा काळा राहतो आणि डिकी जोरात बंद केली तर कधीकधी चित्र क्षणभर परत येते. वॉरंटी संपली आहे. सर्व्हिस सेंटर वायरिंगसह पूर्ण संच बदलायला सांगते, तर बाहेरच्या दुकानदाराच्या मते कोणताही कॅमेरा चालेल. आमच्या सोसायटीत गाड्यांच्या मागेपुढे लहान मुले खेळत असतात, त्यामुळे केवळ सेन्सरच्या आवाजावर विसंबून गाडी मागे घेणे मला पटत नाही. निर्णय कशाच्या आधारे घ्यावा?

तारयंत्री : तुमच्या वर्णनात मला दोन वेगळे बिघाड दिसतात. धुरकट चित्र म्हणजे बहुधा सील गेल्यामुळे कॅमेऱ्याच्या आत ओल शिरली आहे. भिंग बाहेरून पुसूनही धूसरपणा जात नसेल, तर कॅमेरा बदलावाच लागेल. डिकी आपटल्यावर चित्र परत येणे हे मात्र तुटत आलेल्या तारेचे लक्षण आहे. बिजागरीजवळ छतातून डिकीत जाणारी रबरी नळी असते, आणि दार उघडताना-मिटताना तिच्यातील तारा दरवेळी त्याच जागी वाकत असल्याने वरचे आवरण शाबूत दिसले तरी आतले तांबे तुटलेले असू शकते. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, इग्निशन चालू आणि गिअर रिव्हर्समध्ये, अशा स्थितीत कॅमेऱ्याच्या कपलरवर (तारा जोडण्याच्या प्लगवर) मल्टिमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचे यंत्र, लावून एखाद्याला ती नळी हलवायला सांगा. आकडा खालीवर झाला, तर दोष सापडला. आकडा स्थिर राहिला तरी चित्राची तार त्याच नळीतून जाते, म्हणून तिची सलगताही, म्हणजे ती मध्ये कुठे तुटलेली नाही ना हेही, तपासावी. हे न करता नुसता कॅमेरा बदलल्यास पैसे वाया जातील.

मागचा आरसा : ‘कोणताही चालेल’ हे मुळीच खरे नाही. बाजारातले बहुतेक कॅमेरे १२ व्होल्टचे असतात, पण काही कंपन्यांच्या गाड्यांत स्क्रीनचे युनिटच कॅमेऱ्याला सुमारे ६ व्होल्ट पुरवते. शिवाय सिग्नलचा प्रकार जुळायला हवा: सीव्हीबीएस हा जुन्या पद्धतीचा साधा चित्र-सिग्नल घेणाऱ्या युनिटला एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राच्या वेगळ्या सिग्नलचा, कॅमेरा जोडला, तर चित्र नीट येणारच नाही. चित्र आरशासारखे डावे-उजवे उलटे येते का (तसेच यायला हवे), हेही दुकानातून निघण्यापूर्वी पाहावे. भारतात जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना रिव्हर्स सेन्सर सक्तीचा आहे, कॅमेरा नाही. त्यामुळे सेन्सर चालू आहे म्हणून कॅमेऱ्याचे काम पुढे ढकलले जाते. बंपरला टेकून बसलेले मूल सेन्सरच्या टप्प्याखाली राहू शकते, म्हणून तुमची काळजी मला अगदी योग्य वाटते.

घाटवाट : सविस्तर उत्तरांबद्दल आभार. नळीतील तार तुटलेली निघाली, तर तिथेच जोडून टेप गुंडाळलेली चालेल का?

तारयंत्री : नाही, कारण जोड कडक होतो आणि वाकणाऱ्या भागात असला की त्याच्या शेजारी तार पुन्हा तुटते. दोन्ही जोड नळीच्या बाहेर, एक छताच्या बाजूला आणि एक डिकीच्या आत, येतील इतका लवचिक तारेचा नवा तुकडा टाकावा. जोड सोल्डर करून त्यांवर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. चित्राच्या तारेला जाळीचे वेष्टन असेल, तर तेही दोन्ही टोकांना जोडले पाहिजे, अन्यथा पडद्यावर पट्टे दिसतील. शेवटी रबरी नळीची दोन्ही टोके त्यांच्या खाचेत घट्ट बसली आहेत का ते पाहावे, नाहीतर तिथूनच पाणी आत उतरेल.