बायसन सैन्याने संपवले? साफ चूक!

माळरान: कालच्या पोस्टीत कुणीतरी ठोकून दिलंय की अमेरिकेतल्या मूळ जमातींना उपाशी मारायला अमेरिकी सैन्यानेच बायसन, म्हणजे तिथल्या माळरानावरची दाढीवाली, लोकरी रानगुरं, मारले. अहो, कळप संपवले ते कातड्याच्या धंद्याने. आधी फक्त हिवाळी, लोकरीसकटची कातडी खपायची. ती जमातींतल्या बायका खरवडून, जनावराचा मेंदू चोळून मऊ करत, एका हंगामात मोजकीच. 1871च्या सुमारास त्या जाड कातड्यापासून यंत्रांच्या पट्ट्यांचं चामडं कमावता येऊ लागलं. मग बारा महिने मागणी. 1872ला कॅन्ससमधल्या डॉज सिटीत कातडी वाहून न्यायला रेल्वे आली आणि 1883पर्यंत सगळं आटोपलं.

गवताळ: तारखा फेकून सरकार सुटत नाही! 1874ला अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, बायसनच्या संरक्षणाचं विधेयक मंजूर केलं, राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी सहीच केली नाही.

सह्यकडा: कृपा करून इंग्रजी 'बफलो'वरून बायसनला 'म्हशी' लिहू नका, कालच्या पोस्टीत दहादा आहे. आणि गवाही नव्हे. राधानगरीच्या गव्याला इंग्रजीत 'इंडियन बायसन' म्हणतात, तिथून हा घोळ. गव्याला बायसनसारखी दाढी नाही, हिवाळी लोकरही नाही.

माळरान: बरं, म्हैस नाही. पण धंद्याची रीत बघा. शार्प्स या लांब पल्ल्याच्या रायफलवाला लांबून म्होरक्या गाईच्या फुफ्फुसात गोळी घालायचा. हृदयात लागली तर ती उधळते, कळपही पळतो. फुफ्फुसात लागली की जागीच घुटमळते, बाकीची भोवती हुंगत उभी राहतात. मग एकेक टिपायचं.

नदीकाठ: आणि नासाडी? कातडं मांसाची बाजू वर करून, कडेने खुंट्या ठोकून ताणायचं, अधूनमधून उलटायचं. सोलताना सुरी लागली किंवा नीट वाळलं नाही, की किडे लागून फुकट. सुरुवातीला विकलेल्या एका कातड्यामागे कित्येक जनावरं नुसती कुजली. शिवाय 1871च्या आधीच कळप घटत होते, ते कुणी बोलत नाही. जमातींचे घोडे हिवाळ्यात नदीकाठचं तेच गवत खात, वर 1850च्या आसपासचे दुष्काळ, आणि लोकरीच्या कातड्यासाठी तरण्या गाईच मारल्या जात.

गवताळ: म्हणजे दोष आता जमातींच्या माथी? संताप येतो! लाखोंनी मारले ते गोऱ्या शिकाऱ्यांनी.

नदीकाठ: माथी मारत नाही. घट वेगळी, संहार वेगळा. संहार कातड्यानेच झाला.

गवताळ: ठीक, बंदुका सैन्याच्या नव्हत्या, एवढं मानतो. पण सरकारने जमातींशी केलेल्या 1867च्या मेडिसिन लॉज तहात आर्कान्सा नदीच्या दक्षिणेला शिकारीचा हक्क जमातींना लिहून दिला होता. शिकारी नदी ओलांडून टेक्ससात घुसले, तेव्हा त्यांना अडवणं सैन्याचंच काम होतं. अडवलं नाही.

माळरान: हे मात्र खोडता येत नाही.