अनुभव धागा : स्वयंपाकघरातून न्हाणीपर्यंत

कुळागर
गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात एका वयस्क बाईंच्या पाटीत सोलांच्या शेजारी भिरंडेलाचे, म्हणजे कोकमाच्या बियांच्या तेलाचे, पांढुरके गोळे मांडलेले दिसले आणि केप्याकडचे माहेर, थंडीतली रात्र व निखाऱ्यांवर लोखंडी डावात भिरंडेल वितळवणारी आई असे सारे एकदम आठवले. कुळागराला, म्हणजे माड-पोफळींच्या बागेला, पाणी सोडताना तिचे पाय दिवसभर पाटात आणि चिखलात असत, त्यामुळे मार्गशीर्ष लागला की तिच्या टाचांना खोल भेगा पडत. ती आधी कोमट पाण्यात पाय बुडवून बसे, टाचा दगडाने हलकेच घासे, पाय अगदी कोरडे करी आणि मगच हाताला सोसेल इतके निवलेले भिरंडेल भेगांत भरून वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधी. हे तेल वितळायला सुमारे ४० अंश तापमान लागते, म्हणजे अंगाच्या उबेपेक्षा थोडे अधिक, आणि म्हणूनच ते ओघळून न जाता भेगेत थिजून राहते.

ते घरीच होत असे. एप्रिल-मे महिन्यांत भिंडांची, म्हणजे कोकमांची, सोले वाळत घातली की उरलेल्या बिया धुऊन खडखडीत वाळवायच्या, सवडीने फोडून कवच पाखडून टाकायचे, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, वर तरंगणारी चरबी डावाने काढून घ्यायची आणि ती थिजू लागली की मुठीत दाबून तिचा गोळा करायचा. आमच्या आयांनी आणि आज्यांनी त्वचेसाठी व केसांसाठी जे जे केले, त्यात पदार्थाइतकीच कृती महत्त्वाची होती, आणि आता पदार्थांची नावे सर्वांना ठाऊक असली तरी कृती विसरली जात आहे, याची मला मनापासून खंत वाटते. म्हणून विनंती आहे की, आपल्या घरी काय करत असत आणि आपण आजही काय करता, ते कृतीसह लिहावे.

साखळीची सून
भिरंडेल आम्ही थंडीत ओठांनाही लावतो. मुलांच्या ओठांवर रात्री झोपताना अगदी तांदळाएवढे पुरते. आपल्या आईंविषयी वाचून माझ्या सासूबाईंचे हात आठवले.

रानमोगरा
आमच्या घरी माक्याचे तेल होत असे आणि ते मी अजूनही करते. पावसाळ्यात शेताच्या बांधांवर माका भरपूर उगवतो, तो मुळांसकट आणून स्वच्छ धुवायचा, पाट्यावर वाटायचा आणि त्याचा रस घाण्यावरच्या खोबरेल तेलात घालून जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवायचा. मी त्यात मूठभर कडीपत्ता आणि दासवणीची, म्हणजे जास्वंदीची, चार-पाच फुलेही घालते. सगळे लक्ष पाण्याकडे हवे, कारण तेलात पाण्याचा अंश राहिला तर ते काही दिवसांत खवट होते किंवा त्यावर बुरशी येते. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतात, मग ते बारीक होतात, पाला कुरकुरीत होऊन तळाशी बसतो आणि बुडबुडे थांबतात. तरीही शंका असेल तर आजी कापसाची वात त्या तेलात भिजवून पेटवून पाहत असे; वात तडतडली तर पाणी उरले आहे, शांत जळली तर तेल झाले, असा तिचा निर्णय असे. ही परीक्षा मला आजवर कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटली आहे. तेल निवल्यावर कोरड्या फडक्याने गाळून काचेच्या बाटलीत भरायचे आणि बाटलीत ओले बोट कधीही घालायचे नाही.

या तेलाने टकलावर केस उगवतात असे मी कोणालाही सांगत नाही. केस कमी तुटतात, एवढे मात्र खात्रीने सांगते. खोबरेल तेलातले मुख्य मेदाम्ल, म्हणजे लॉरिक आम्ल, लहान आणि सरळ रचनेचे असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकते आणि धुताना केसातील प्रथिनांची होणारी झीज कमी करते. म्हणून न्हाण्याआधी तेल लावण्याची आपली रीत मला योग्य वाटते.

मांडवीकाठ
रानमोगराताई, कृती फार सविस्तर लिहिलीत, आभारी आहे. एक विचारायचे आहे. माझ्या मुलीच्या केसांत दर पावसाळ्यात कोंडा होतो. आम्ही तिला रात्री भरपूर तेल लावून सकाळी न्हायला सांगतो, पण कोंडा कमी होण्याऐवजी वाढतो. केस दिवसभर वाळत नाहीत, हेही कारण असेल का?

तिसवाडीची परिचारिका
मांडवीकाठ, मी त्वचारोग विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून लिहिते. कोंड्याशी संबंधित असलेली मॅलेसेझिया नावाची बुरशी सर्वांच्याच डोक्यावर असते आणि ती तेलकट पदार्थांवर वाढते. त्यामुळे रात्रभर तेल मुरवून ठेवल्याने कोंडा असलेल्या डोक्याला त्रासच होतो. तेल लावायचेच असेल तर केसांच्या मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावावे, तासाभराने धुऊन टाकावे आणि ओल्या केसांची वेणी घालू नये. भिजवून वाटलेल्या मेथीने केस मऊ होतात, परंतु ती कोंड्याचे औषध नव्हे. औषधी शाम्पू लागला तर तो अवश्य वापरावा. लहान मुलांच्या डोक्यावर गोल चकत्यांत केस गळून खपल्या दिसल्या तर घरगुती काहीही लावत बसू नये, कारण तो गजकर्णाचा प्रकार असू शकतो आणि त्याला पोटातून औषध घ्यावे लागते. आपली मुलगी लवकर बरी होवो.

मांडवीकाठ
मनापासून आभार. आजपासूनच रात्रीचे तेल बंद करतो.

दासवण
माझी आई आता अंथरुणाला खिळून आहे आणि तिचे केस मीच धुतो. बाजारचा शाम्पू डोळ्यांत गेला की तिला फार त्रास होत असे, म्हणून मावशीने सांगितल्याप्रमाणे दासवणीच्या पानांनी धुऊ लागलो. अंगणातल्या लाल, एकेरी पाकळ्यांच्या गावठी दासवणीची कोवळी पाने घेतो, धुऊन कोमट पाण्यात अर्धा तास भिजवतो आणि त्याच पाण्यात हाताने कुस्करतो. पाणी घट्ट आणि बुळबुळीत झाले की ते पातळ फडक्यातून गाळणे अत्यंत आवश्यक आहे, कारण पानांचे बारीक तुकडे केसांत अडकले तर ते काढताना आईचे केस ओढले जातात. फेस फारसा येत नाही, तेलही पूर्ण निघत नाही, पण तिच्या पांढऱ्या, विरळ केसांना ते पुरेसे होते आणि विंचरताना गुंता सहज सुटतो. कधी पानांसोबत उकड्या तांदळाच्या पेजेची निवळही घालतो.

तिच्या पाठीला आणि पोटऱ्यांना आवेल लावतो. नारळाचे दूध काढून ते मंद आचेवर आटवायचे, चोथा तांबूस होऊन तेल सुटले की गाळून घ्यायचे. एका नारळाचे फार थोडे निघते. अंग पुसल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच ते लावले तर ओलावा टिकतो, असा माझा अनुभव आहे. आवेल लावत असताना ती माझ्या लहानपणीच्या गोष्टी सांगते, आणि दिवसातली ती वेळ आम्हां दोघांनाही फार मोलाची वाटते.

रानमोगरा
दासवणदादा, आईंना माझा नमस्कार सांगावा. मुलगे असे लिहितात तेव्हा फार बरे वाटते.

माडगर
आवेलाचा उल्लेख आला म्हणून आमच्या सासष्टीतली एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या शेजारच्या ख्रिस्ती घरात लग्नाच्या आदल्या दिवशी ‘रोस’ असतो. नवरीला पाटावर बसवून घरातली आणि वाड्यावरची माणसे तिच्या अंगाला नारळाचे दूध लावतात, डोक्यावर तेल घालतात आणि मग तिला स्नान घालतात. आमच्याकडे हळद, त्यांच्याकडे रोस, आणि दोन्हींसाठी नारळ आमच्याच परसातून जात असत. लहानपणी आदोळीवर खोबरे किसायला आम्हां मुलींना बोलावीत आणि उरलेले दूध आम्ही हातापायांना चोळून घेत असू. ते ताजेच वापरावे लागते. गोव्याच्या उष्ण हवेत काही तासांतच ते आंबते आणि मग त्वचेला लावण्याजोगे राहत नाही.

पेडण्याची लेक
लिंबाविषयी सर्वांना कळकळीने सांगायचे आहे. गेल्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याने सरबतासाठी भरपूर लिंबे पिळली आणि हात न धुता तो दुपारभर समुद्रकिनाऱ्यावर खेळला. दुसऱ्या दिवशी त्याच्या हातांवर भाजल्यासारखे फोड आले आणि पुढे काळे डाग कित्येक आठवडे राहिले. लिंबाच्या रसात आणि विशेषतः सालीत असे काही घटक असतात, जे त्वचेवर असताना ऊन लागले की त्वचा पोळते, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. त्यामुळे चेहरा उजळावा म्हणून लिंबू लावून बाहेर पडण्याचा सल्ला कोणी दिला तर कृपया ऐकू नये. त्याऐवजी बेसन, दूध आणि थोडी साय एवढेच पुरे.

साखळीची सून
बापरे, बिचारा मुलगा! आता बरा आहे ना? आमच्याकडे काजूच्या दिवसांत ओले गर सोलताना असेच हात पोळतात. म्हणून सासूबाई सर्वांना आधी हातांना भरपूर खोबरेल चोळायला लावतात आणि काम झाले की चिकाचे हात तोंडाला लावू देत नाहीत.

तिसवाडीची परिचारिका
साखळीची सून, सासूबाई अगदी योग्य करतात. ज्यांना काजूच्या चिकाने पुरळ येते, त्यांना आंब्याच्या सालीनेही येऊ शकते, कारण दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत आणि त्यांच्या चिकातली द्रव्येही सारख्याच प्रकारची आहेत. अशांनी आंब्याची साल चेहऱ्यावर चोळू नये. कोणतीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबावे.

भाणातले पाणी
दिवाळीच्या उटण्याची आमच्या घरची रीत लिहितो. नरकचतुर्दशीला पहाटे न्हाणीतल्या भाणात पाणी तापत असे, कारीट फोडून झाले की आजी स्वतः प्रत्येकाच्या अंगाला आधी खोबरेल आणि मग उटणे लावत असे. तिच्या उटण्यात मसुराची डाळ, तांदळाची जाडसर पिठी, वाळवलेली संत्र्याची साल, नागरमोथा, चंदनाचा थोडा उगाळा आणि हळद असे. हळद ती हळकुंडे आणून घरीच कुटत असे, आणि त्यामागे आता मला मोठे शहाणपण दिसते, कारण सुट्या हळद पुडीत पिवळेपणासाठी शिसे असलेला रंग मिसळल्याची प्रकरणे उघडकीस आली आहेत. हळदीचा पिवळा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून अंग पिवळे राहिले तर साबणाने घासत बसण्यापेक्षा तेलाचा हात फिरवून मऊ फडक्याने पुसावे. राहिलेला रंग उन्हाने आपोआप उतरतो.

उटणे भिजवायला आजी पाण्याऐवजी नारळाचे दूध घेत असे. त्वचा कोरडी असेल तर हा बदल अवश्य करून पाहावा. तेलकट त्वचेला आणि मुरुमांना मात्र ते सोसत नाही. माझ्या बहिणीच्या कपाळावर त्याने पुटकुळ्या उठत, म्हणून तिच्यापुरते ताकात भिजवीत.

अबोलीचा वळेसर
केस पिकू लागल्यापासून मी आवळा वापरते. आवळ्याची पूड लोखंडी कढईत पाण्यात कालवून रात्रभर ठेवली की सकाळी ती काळीभोर होते, कारण आवळ्यातल्या तुरट द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होतो. त्यात मेंदी आणि चहाचा कोरा काढा घालून लावते. पांढरे केस तपकिरी-तांबूस होतात, काळे होत नाहीत, आणि मला तेच आवडते. ‘काळी मेंदी’ म्हणून जे पाकिटातून मिळते, ते मात्र निव्वळ मेंदीचे नव्हे. त्यात पुष्कळदा रासायनिक रंग असतो आणि माझ्या जावेचे डोळे त्याने सुजून बंद झाले होते. मेंदीच्या पानांचा स्वतःचा रंग केशरी-तांबडाच असतो, हे लक्षात ठेवले तरी फसगत टळते.

कुळागरताई, भिरंडेल कसे साठवावे? मी आणलेल्या गोळ्याला जुनाट वास येऊ लागला आहे.

कुळागर
वास आला असेल तर तो गोळा त्वचेसाठी वापरू नये. नवा आणाल तेव्हा फोडून पाहावा. आत ओलसर किंवा करडा दिसला तर घेऊ नये. घरी आणल्यावर एकदा मंद आचेवर वितळवून, फडक्यातून गाळून, कोरड्या काचेच्या बरणीत ओतावा आणि बरणी चुलीपासून दूर, अंधाऱ्या फडताळात ठेवावी. असे ठेवलेले माझ्याकडे पुढच्या भिंडांपर्यंत चांगले राहते.