ताणलेल्या तांब्यातले काळे ठिपके: घसरणीचा मलबा की एफआयबीचा?

धातुकण
९९.९९ टक्के शुद्ध तांबं, खोलीच्या तापमानाला १० टक्के ताणलेलं. लॅमेला (पातळ काप) एफआयबीमध्ये, म्हणजे केंद्रित आयन शलाकेत, ३० किलोव्होल्ट गॅलियमनं कापली, २०० किलोव्होल्टच्या टीईएममध्ये (पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) पाहिली. डिस्लोकेशनच्या (स्फटिकातल्या रेषीय दोषांच्या) गुंत्यांमधल्या मोकळ्या जागेत २ ते १० नॅनोमीटरचे काळे ठिपके भरपूर आहेत. जॉग (रेषेतली छोटी पायरी) असलेल्या स्क्रू प्रकारच्या डिस्लोकेशननी घसरताना मागे टाकलेले लूप (डिस्लोकेशनची बंद वळी), म्हणजे घसरणीचा मलबा, म्हणून यांची घनता मोजली तर चालेल का?

क्रॉसस्लिप
एवढ्यात मोजू नका. ३० किलोव्होल्टचं गॅलियम तांब्यात नेमके याच आकाराचे लूप तयार करतं. शेवटचा हात ५ आणि मग २ किलोव्होल्टनं फिरवला तर ते कमी होतात, पण सगळे जात नाहीत. त्याच तांब्याचा न ताणलेला तुकडा निर्वातात ६०० अंशांवर दोन तास अनील करा (तापवून दोष घालवा) आणि अगदी त्याच पद्धतीनं लॅमेला काढा. त्यातही ठिपके दिसले तर तेवढे तुमच्या ताणाचे नाहीत. ही तुलना नसेल तर घनतेच्या आकड्याला अर्थ नाही.

मोजणीसाठी इलेक्ट्रोपॉलिशच (द्रावणात विजेनं झिजवून पातळ करणं) बरं. एक भाग नायट्रिक आम्ल, तीन भाग मिथेनॉल, उणे ३० अंश, १० व्होल्टच्या आसपास. आधी मिथेनॉल थंड करायचं, मग त्यात आम्ल हळूहळू सोडायचं. द्रावण तापू द्यायचं नाही, बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, आणि मिथेनॉलऐवजी इथेनॉल कधीच नाही, स्फोट होऊ शकतो. ३ मिलिमीटरची चकती पंचनं पाडू नका, कडेकडून नवी डिस्लोकेशन आत शिरतात; स्पार्कनं कापा.

खरा मलबा आकारावरूनही ओळखू येतो. स्क्रू पुढे जातो, जॉग मागे रेंगाळतो आणि त्याच्यामागे एज डायपोल (विरुद्ध चिन्हाच्या दोन एज डिस्लोकेशनची जोडी) लांबत जातो. म्हणून तो ⟨११२⟩ या स्फटिक दिशेत लांबट दिसतो. पुढे तुटून त्याचे लूप होतात. स्टिरिओ जोडी (थोड्या वेगळ्या कोनांतून टिपलेली दोन चित्रं) घेतलीत तर एफआयबीचे ठिपके फॉइलच्या दोन्ही पृष्ठभागांलगत सापडतील, मलबा पूर्ण जाडीत.

धातुकण
अनील केलेला तुकडा लावतो. २०० किलोव्होल्टच्या इलेक्ट्रॉन बीमनंच ठिपके पडत असतील का?

वीकबीम
तांब्यात नाही, तिथे अणू जागेवरून उडवण्याचा उंबरठा ४०० किलोव्होल्टच्या आसपास आहे. ॲल्युमिनियममध्ये तो साधारण १७० आहे, ते असेल तर १२० वर काम करा.

वीक-बीममध्ये (मंद विवर्तित शलाकेनं घेतलेल्या चित्रात) जी (विवर्तन सदिश) = २२० घ्या, ४जी उत्तेजित ठेवा, एस (ब्रॅग स्थितीपासूनचं विचलन) निदान ०.२ प्रति नॅनोमीटर. मग जी उलटा करून तीच जागा पुन्हा टिपा. दोन रेषांमधलं अंतर बदललं तर डायपोल. दोन्ही एकाच बाजूला सरकल्या आणि अंतर तेवढंच राहिलं तर एकाच चिन्हाची जोडी. जी = १११ एकटा वापरू नका, सहापैकी तीन बर्गर्स सदिशांसाठी (बी, डिस्लोकेशनमुळे जाळी किती आणि कुठे सरकते ते) जी·बी शून्य येतं. लूपच्या बाबतीत तेव्हाही फिकट अवशेष दिसू शकतो, त्याला दुसरा दोष समजायचं नाही.

आणखी एक मर्यादा आहे. तांब्यात खोलीच्या तापमानाला सुमारे १.६ नॅनोमीटरपेक्षा जवळ आलेल्या एज डायपोलच्या रेषा एकमेकींना नष्ट करतात आणि मागे रिक्तिका (रिकाम्या अणुजागा) किंवा इंटरस्टिशियल (जाळीच्या फटीत अडकलेले जादा अणू) उरतात. सुट्या रिक्तिका टीईएममध्ये दिसत नाहीत. त्या हव्या असतील तर पॉझिट्रॉन ॲनिहिलेशन किंवा कमी तापमानाला विद्युतरोध मोजावा लागेल.